ट्रस्टला नाही

कळस, ३ नोव्हेंबर २०२५

चि. अस्मा हिस अनेक आशीर्वाद.

तुझा लॅपटॉप काल दीपकच्या दुधाच्या टेम्पोतून सुखरूप आला. दोन कॅनच्या मधे, पोत्यात गुंडाळून बसवला होता. दीपक म्हणाला, "आबा, ह्यो सांडला आसता तर डेअरीत फॅट किती लागलं आसतं?" मला ऐकू आलं नाही म्हणून त्याने ते तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्याला स्वतःलाही हसू आलं नाही.

कान गेले त्याचं मला दुःख नाही. पन्नास वर्षं मी बोललो आणि तालुक्याने ऐकलं. आता तालुक्याने बोलावं आणि मी ऐकू नये, यात अन्याय कुठला? पण फोनवर माझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत हाक मारणं. म्हणून पत्र लिहितो, आणि तूही पत्रच लिही. सकाळी दीपकच्या हाती दिलं की दुपारी ते तुझ्या प्रेसवर असतं.

काम तुला ठाऊक आहे, तरी नीट मांडतो. एसटी स्टँडसमोरचा फळा मी रोज सकाळी खडूने लिहितो. कालव्याचं पाणी कुठे अडलं, कोणाची मुलगी परीक्षेत पुढे आली, कोणता पुढारी काय बोलला आणि काय विसरला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचं आणि नवं लिहायचं. सहा वर्षांपूर्वी माझी नात निकिता पुण्याला नोकरीला लागली आणि तिने तिचा जुना फोन मला दिला. त्यात सिम नाही. तो माझा कॅमेरा. लिहून झालं की एक फोटो. असे दोन हजारांवर फळे त्या फोनमध्ये आहेत, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

आता फोन भरला. रोज सकाळी तो जागा नाही म्हणतो. मग एक जुना फळा कायमचा काढायचा, तेव्हा आजचा मावतो. तीन आठवडे हे चाललं आहे. भिंतीवरचा फळा पुसताना हात कधी अडखळला नाही, इथे अडखळतो.

वाचनालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष ऋषिराज आले होते. गुळगुळीत कागदावर ह्या फळ्यांचं पुस्तक छापू म्हणाले. फक्त पहिल्या पानावर अध्यक्षांचं छायाचित्र असेल, आणि ट्रस्टवर टीका करणारे अकरा फळे नसतील. मी म्हटलं, "फळा माझा न्हाय, गावाचा हाय. गावाची जीभ कापून तुमी ती गुळगुळीत कागदात गुंडाळणार व्हय?" ते गेले. पुस्तक होईल तर तुझ्या वडिलांच्या प्रेसमध्ये होईल. माझ्या सभांची पत्रकं चाळीस वर्षं रसूलनेच छापली.

आता माझी अडचण. परवा मी फळ्यावर लिहून बसलो: 'यंत्राला भिणारा माणूस दुसऱ्याच्या बोटाचा गुलाम. वीस तारखेच्या आत हे सगळे फोटो मी माझ्या हाताने लॅपटॉपवर उतरवीन.' फळ्यावर लिहिलेलं मी कधी मागे घेतलेलं नाही. समोरची चहावाली शकुबाई रोज मोठ्याने विचारते, "उतरलं का वो फोटू?" तेव्हा आता फोन घेऊन बारामतीला तुझ्याकडे येणं म्हणजे शरणागती. तू पत्रातून कृती सांग. वाचून शिकणं हे शिकणंच. बोट माझंच राहील. फोटो उतरले की लॅपटॉप दीपकबरोबर परत पाठवतो.

फोन एका कंपनीचा, लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा. निकिता म्हणते, दोघांचं पटत नाही. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मी एका मांडवात बसवली आहेत. हे काय मोठं?

रसूलला सलाम सांग.

दादासोकाका

बारामती, ४ नोव्हेंबर

दादासोकाकांना अस्माचा सलाम.

पत्र मिळालं. अब्बांना वाचून दाखवलं. त्यांचे हात आता फार थरथरतात. पेन धरवत नाही. पण शिलाईची सुई बोटात आली की हात सरळ होतो, हे डॉक्टरांनाही कळत नाही. तुमच्या पुस्तकाची बांधणी ते मला करू देणार नाहीत. म्हणाले, "दादासोचं पुस्तक मीच शिवनार. मशीनला हात लावायचा न्हाय."

कृती सोपी आहे. लॅपटॉप चालू करा. फोनचं कुलूप आकडे दाबून उघडा. कुलूपबंद फोन जोडला तर आतलं काही दिसत नाही. मग वायरचं बारीक टोक फोनला, चपटं टोक लॅपटॉपला. थोडं थांबा. फोनवर एक प्रश्न येईल. नेहमीचाच असतो, फार विचार करू नका, हो म्हणा. फोन परत आकडे मागेल, ते द्या.

त्यानंतर लॅपटॉपवर खाली पिवळं फोल्डर आहे ते उघडा. डाव्या बाजूला फोनचं नाव दिसेल. त्याच्या आत, आणखी आत जात राहा, फोटो सापडतील. सगळे निवडा, कॉपी करा आणि 'कळसचा फळा' नावाचं फोल्डर मी समोरच करून ठेवलं आहे त्यात चिकटवा. घाई करू नका, वायर हलवू नका.

तोपर्यंत फळे काढून टाकू नका हो. एक-दोन दिवस फोटो नाही घेतला तर काय होतं?

तुमची अस्मा

कळस, ६ नोव्हेंबर

चि. अस्मा हिस आशीर्वाद.

एक-दोन दिवस फोटो नाही घेतला तर काय होतं, असं तू विचारतेस. एक-दोन दिवस श्वास नाही घेतला तर काय होतं, असं मी विचारत नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कुलूप उघडलं, वायर जोडली, थांबलो. प्रश्न आला. विचार न करता हो म्हण, असं तू लिहिलं होतंस. अस्मा, विचार न करता हो मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. लग्नाला हो म्हणायलाही दोन महिने घेतले, आणि तुझ्या काकूने त्याबद्दल मला जन्मभर ऐकवलं.

प्रश्न मी दोनदा वाचला. माझं इंग्रजी अक्षरं जुळवण्यापुरतं आहे, पण त्यातला मुख्य शब्द मला चांगला ठाऊक आहे. मनाला पटलं ते उत्तर दिलं. त्यानंतर लॅपटॉपवर फोनचं नाव आलं, आत गेलो तर काहीही नाही. रिकामं घर, उघडं दार.

मला एवढंच सांग. हा लॅपटॉप कोणाचा आहे? कोणी दिला आहे का तुम्हाला? आणि त्या प्रश्नाला हो म्हणायला सांगणं हे तुझं स्वतःचं, की रसूलने सांगितलं?

दादासो

बारामती, ७ नोव्हेंबर

दादासोकाकांना सलाम.

लॅपटॉप जुना आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत. लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी तुमच्या तिथल्या वाचनालयाच्या ट्रस्टचं कॅलेंडर आमच्याकडे आलं, तेव्हा आम्ही तो घेतला. ट्रस्टचं सगळं काम त्याच्यावरच होतं. अध्यक्षांचे फोटो अजून आत कुठेतरी असतील, दिसले तर दचकू नका. पण यंत्र चांगलं आहे, त्यात दोष नाही.

मला वाटतं वायर खराब असावी. दुसरी पाठवते आहे, दीपकला वरच्या खिशात ठेवायला सांगितली आहे.

आणि काका, प्रश्न परत आला तर ह्या खेपेस हो म्हणा. त्याशिवाय फोटो येणार नाहीत. अब्बाही तेच म्हणतात. तुमचं पत्र ऐकून म्हणाले, "त्याला म्हनावं, मुकाट हो म्हन. भाषन नको."

तुम्ही शेवटी नुसतं दादासो लिहिलंत. काका राहून गेलं का?

अस्मा

कळस, १० नोव्हेंबर

रसूल,

हे पत्र तुझ्या मुलीला नाही, तुला आहे. ती लहान आहे, तू सांगतोस तसं लिहिते.

नवी वायर जोडली. पुन्हा तोच प्रश्न. ह्या वेळी मी तो अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घेतला. 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?' खाली दोन चौकटी. एकीत 'ट्रस्ट', दुसरीत 'डोन्ट ट्रस्ट'. माझं इंग्रजी कच्चं असेल, पण ट्रस्ट हा शब्द मी बारा वर्षं त्यांच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि धर्मादाय आयुक्तांच्या कागदांवर वाचत आलो आहे. हा कॉम्प्युटर ट्रस्टचा. फोटो ट्रस्टला द्यायचे, की द्यायचे नाहीत? मी दोन्ही वेळा दुसरी चौकट दाबली. ट्रस्टला नाही. आज नाही, उद्या नाही, मी असेपर्यंत नाही.

आणि तुम्ही बापलेक मला काय सांगता? हो म्हण. मुकाट हो म्हण. विचार करू नको. रसूल, मी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध बोललो ती माणसं लोकांकडे दुसरं काय मागत होती? सत्तेला तुमचं घर नको असतं, शेत नको असतं. तिला तुमचा एक हो हवा असतो, विचार न करता म्हटलेला. तो मिळाला की बाकीचं आपोआप तिच्या मागे चालत जातं. मी पुस्तकं वाचून एक गोष्ट शिकलो: गढी बाहेरून पडत नाही, आतून कोणालातरी दरवाजातली दिंडी उघडावी लागते. ती उघडणारा हात तुझा असेल असं मला वाटलं नव्हतं.

वीस तारखेला दहा दिवस आहेत. माझा शब्द मोडेल. मोडू दे. शब्द मोडल्याची लाज सोसेन, फळा विकल्याची सोसणार नाही.

आज सकाळी फोनने जागा मागितली. मी शोधून एक फोटो काढून टाकला. चार वर्षांपूर्वी मी तापाने पडलो होतो, घशातून आवाज फुटत नव्हता, तेव्हा पहाटेच्या एसटीने येऊन माझ्याऐवजी तू फळा लिहिला होतास आणि माझ्या फोनने त्याचा फोटोही घेतला होतास. दोन हजारांत तेवढा एकच तुझ्या अक्षरातला. तो मी काढून टाकला. असे फोटो फोनच्या एका कप्प्यात पडून राहतात, तिथूनही घालवला. मी कुठलंच काम अर्धं ठेवत नाही.

लॅपटॉप दीपकबरोबर परत पाठवतो आहे.

दादासो

बारामती, ११ नोव्हेंबर

(अब्बा बोलतील तसंच लिहायचं, एक अक्षर सुधारायचं नाही, असा हुकूम आहे. — अस्मा)

दादासो,

तुझं पत्र अस्मानं वाचलं. ती रडली. मी हसलो. मग मी हसलो म्हून ती माझ्यावर चिडली. एका पत्रात तू एवढं काम केलंस.

आरं येड्या, ट्रस्ट म्हंजी विश्वास. इंग्रजीतला साधा, रोजचा शब्द हाय. तुझ्या अध्यक्षानं त्यो पाटीवर लावला म्हून काय त्याच्या मालकीचा झाला न्हाय. फोन इचारतोय, 'ह्या कॉम्प्युटरवर विश्वास ठिवू का?' फोन एका घरचा, कॉम्प्युटर दुसऱ्या घरचा. नव्या सोयऱ्याच्या दारात पाय टाकताना मानूस हळूच इचारतोच की, 'मानसं बरी हायती न्हवं?' तेवढंच हाय ते. आन् तू दोनदा दारातनं वरडून सांगितलंस, 'बरी न्हाईत.' मग कोन फोटू दील तुला?

आता कॅलेंडरचं. ट्रस्टचं कॅलेंडर मी छापतो. व्हय, छापतो. तुझ्या सभंची पत्रकं मी छापली आन् तुझ्या इरोधातलीबी मीच छापली. त्याच मशीनवर, कदी कदी त्याच दिवशी. एकाची शाई दुसऱ्याच्या कागदाला लागू दिली न्हाय. चाळीस वर्सं तू हे बघतोयस आन् आज इचारतोस, लॅपटॉप कुनाचा?

एक गोष्ट तुला सांगितली न्हवती. तुझा अध्यक्ष माझ्याकडंबी आला व्हता. म्हनला, पुस्तक तुमीच छापा, फकस्त अकरा पानं गाळा. मी म्हनलं, माझ्या शिलाईत पानं एकमेकांला धरून असत्यात, अकरा काढली तर सगळं पुस्तक उसवंल. चहा पिऊन गेला. तुला सांगितलं न्हाय, कारन तू दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिवलं असतंस.

लॅपटॉप परत पाठवतोय. ह्या खेपंला हो म्हन असं मी सांगत न्हाय. प्रश्न काय हाय ते कळलंय, उत्तर तुझं.

आन् माझ्या हातचा फळा काढलास त्याचं काय मनाला लावून घिऊ नको. फळा पुसायसाठीच असतो.

रसूल

काका, अब्बा हसले हे खरं आहे. पण शेवटचं वाक्य सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. — अस्मा

कळस, १४ नोव्हेंबर

प्रिय रसूल,

तुझं पत्र मी बाराला वाचलं, तेराला पुन्हा वाचलं, आणि आज सकाळी फळ्यावर जे लिहिलं ते तुला उतरवून पाठवतो:

'ट्रस्ट या इंग्रजी शब्दाचा अर्थ विश्वास. हा अर्थ मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळला. तो ठाऊक नसताना मी बारामतीच्या रसूलभाईंवर खोटा आळ घेतला. चूक माझी. आज दहा वाजता शकुबाईच्या हॉटेलात फोटो उतरवणार. ज्यांना हसायचं आहे त्यांनी वेळेवर यावं.'

वेळेवर आले. माझ्या सभेला लोक कधी वेळेवर आले नव्हते. तीस-चाळीस माणसं असतील. शकुबाईने टेबल दोनदा पुसलं आणि लॅपटॉपजवळ कोणी कप ठेवला तर हात मोडीन म्हणाली. मी कुलूप उघडलं, वायर जोडली. प्रश्न आला. मी तो मोठ्याने वाचला, मराठीत अर्थ सांगितला, आणि मग, रसूल, माझं बोट थांबलं. समोर ऋषिराज उभे होते. ते काहीतरी म्हणाले आणि सगळं हॉटेल हसलं. मला ऐकू आलं नाही. दीपकने कानाशी तोंड लावून सांगितलं, "अध्यक्ष म्हंत्यात, आबांनी शेवटी ट्रस्टवर बोट ठिवलंच."

बारा वर्षांत त्या माणसाचं पहिलं वाक्य मला आवडलं. मी हसलो आणि दाबलं.

पाऊण तास लागला. एका वावरातलं पाणी बांध फोडून दुसऱ्यात जावं तसे फळे जात होते. तोवर लोक टेबलावरच्या फोनवर वाकून एकेक फळा बघत होते. शकुबाईला वाचता येत नाही, पण तिला तिच्या मुलीच्या निकालाचा फळा नुसत्या आकारावरून ओळखता आला. "ह्योच त्यो," म्हणाली, आणि तोच तो होता. ते अकरा फळेही गेले. अध्यक्षांनी तेही पाहिले. एकावर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ह्यातलं वाचनालयापुढच्या गटाराचं काम तर आम्ही नंतर केलं. मी म्हटलं, मग तसंही लिहीन.

आता राहिलं ते सांगतो. तुझ्या फळ्यावरचे शब्द आठवायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. नक्की आठवत नाहीत. काहीतरी चांगलं होतं. बोलण्याची मला सवय आहे, क्षमा मागण्याची नाही. सभेत तिचा सराव होत नाही. म्हणून साध्या शब्दांत मागतो. मला क्षमा कर. अस्मालाही सांग, काका राहून गेलं नव्हतं, मी रागाने गाळलं होतं.

तुझा,
दादासो

बारामती, १८ डिसेंबर

ती. दादासोकाकांना सलाम.

पुस्तकाची पहिली प्रत दीपकबरोबर पाठवते आहे. उशीर झाला, कारण फोटो लॅपटॉपवर आले तरी उघडत नव्हते. तुमच्या फोनची कंपनी फोटो तिच्याच पद्धतीने साठवते. सगळे बदलून घ्यावे लागले. हे तुम्हाला आधी कळवलं नाही, तुम्ही आणखी कोणावर तरी रागावला असता.

शिलाई सगळी अब्बांच्या हातची आहे. अकरा फळे जिथल्या तिथे आहेत.

फोटो तारखेने लावले. तुम्ही काढून टाकलेल्या दिवसांच्या जागा मी मिटवून टाकल्या, पण एक मिटवता आली नाही. अब्बा पहाटेच्या एसटीने तुमचा फळा लिहायला गेले ती तारीख त्यांना पाठ आहे, १९ ऑगस्ट २०२१. त्या जागी मी एक पूर्ण काळं पान छापलं आहे, फळ्यासारखं, आणि अब्बांनी ते असं शिवलं आहे की दोरा ओढला की वेगळं निघतं. सोबत खडू आहे. तुम्हाला आठवेल ते तिथे लिहा.

तुमची अस्मा

कळस, २० डिसेंबर

चि. अस्मा हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

पुस्तक आलं. मी ते प्रथम हातात धरून नुसतं बसलो. मग शकुबाईकडे नेलं, तिथे ते अजून आहे, परत मिळत नाही.

काळं पान मात्र मी दोरा ओढून काढलं आहे आणि खडूसह परत पाठवतो आहे. त्या दिवशी खडू माझ्या हातात नव्हता. हे पान माझं नाही. ज्याचं आहे त्याला दे.

तुझा दादासोकाका

बारामती, २२ डिसेंबर

दादासो,

हे मी माझ्या हातानं लिवतोय, म्हून वळी वाकड्या हायत. सुई धरल्यागत खडू धरला तर जमतं. पान लिवलंय. खडू पुसला जाऊ ने म्हून वर पातळ कागद लावलाय.

तुला शब्द आठवत न्हाईत असं तू लिवलंस. तुला एकूनएक आठवत्यात. तू त्यावर महिनाभर माझ्याशी बोलला न्हवतास.

'दादासोचा घसा बसला आहे. आज भाषण नाही. गावाने विश्रांती घ्यावी.'

रसूल